आय-लीग २०१६-१७ : ऐझॉल जिंकलं तो मोसम, आणि त्यातले आपण

कोपरेजचा_कोपरा

ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील भारताच्या फुटबॉल संघाचे कोच झाले तेव्हा ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "यांनी आधी केलंय काय?" मी सांगायला बसलो आणि जेवणाची सुट्टी संपली तरी २०१७मधून बाहेर आलो नाही. तेव्हापासून हा धागा डोक्यात होता. आपल्याकडे त्या मोसमावर मराठीत फारसं कुणी लिहिलेलं नाही, आणि त्या गोष्टीचा निम्मा भाग तर मुंबई-पुण्यातला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्या वेळी देशाची अधिकृत सर्वोच्च लीग म्हणजे आय-लीग. आयएसएल (इंडियन सुपर लीग, फ्रँचायझी संघांची वेगळी लीग) ऑक्टोबर ते डिसेंबर उरकायची आणि मग तेच बरेचसे खेळाडू लोनवर किंवा आपापल्या क्लबांत परत येऊन जानेवारीपासून आय-लीग खेळायचे. २०१६-१७चा मोसम ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७ चालला. दहा संघ, प्रत्येकाच्या अठरा मॅचेस. शेवटी वरचे दोन असे : मिझोरामचं ऐझॉल एफसी ३७ गुण, कोलकात्याचं मोहन बागान ३६.

मुळात ऐझॉल त्या लीगमध्ये असायलाच नको होतं. २०१५-१६ हा त्यांचा आय-लीगमधला पहिलाच मोसम. नऊ संघांत ते आठवे आले. नववं होतं आपल्या पुण्याचं डीएसके शिवाजीयन्स. पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या कॉर्पोरेट क्लबला रेलिगेशनमधून (खालच्या डिव्हिजनमध्ये जाण्यातून) सूट होती, म्हणून तळाच्या संघाऐवजी आठवा संघ खाली गेला. त्याच मे महिन्यात ऐझॉलने फेडरेशन कपची फायनल गाठली आणि गुवाहाटीत मोहन बागानकडून ०-५ असा मार खाल्ला. म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेलेला आणि फायनलमध्ये पाच गोल खाल्लेला संघ, ही त्यांची २०१६च्या उन्हाळ्यातली ओळख.

मग गोव्यात ठिणगी पडली. आयएसएलला वरचा दर्जा देऊन आय-लीगला खाली ढकलायचा आराखडा भारतीय फुटबॉल फेडरेशनने मांडला. त्याच्या निषेधात साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दे गोवा लीगमधून बाहेर पडले. दुसऱ्या डिव्हिजनमधून जिंकून वर आलेल्या डेम्पोनेही माघार घेतली. संघ कमी पडले आणि ऐझॉलला परत बोलावणं आलं.

इथे खालिद येतात. २००९ ते २०१६, सलग सात वर्षं ते मुंबई एफसीचे कोच होते. दरवर्षी मुंबई खाली जाणार अशी बोलणी व्हायची आणि दरवर्षी ते संघाला वाचवायचे. मी त्यातल्या कितीतरी मॅचेस मुंबईत कोपरेजच्या मैदानावर पाहिल्या आहेत. ०-०, १-१, १-० असे निकाल. टचलाइनवर हा माणूस नव्वद मिनिटं उभा. २०१६मध्ये क्लबने त्यांना मोकळं केलं आणि ते मिझोरामला गेले. मुंबई एफसीकडून खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता हेही त्या मोसमात ऐझॉलच्या संघात होते.

आणि त्याच मोसमात मुंबई एफसी रेलिगेट झाली.

हे दोन निकाल मला वेगळे करता येत नाहीत. एकाच तक्त्यात वर बघितलं की आनंद होतो आणि खाली बघितलं की पोटात कालवतं.

२२ एप्रिल २०१७. शेवटून दुसरी मॅच. ऐझॉल आणि बागान दोघांचे ३३ गुण, आणि मॅच ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर. बागानच्या संघात सोनी नॉर्दे, कात्सुमी, डफी आणि मिझोरामचाच जेजे. ८३व्या मिनिटाला कॉर्नरवर झोहमिंगलियाना राल्टे या बचावपटूने हेडर मारला. १-०. आता शेवटच्या दिवशी बरोबरी केली तरी ट्रॉफी त्यांची.

३० एप्रिलला शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध मॅच. त्याच वेळी कोलकात्यात बागान विरुद्ध चेन्नई सिटी. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला (मोसमात सर्वाधिक ११ गोल त्याचेच). तिकडे बागान २-१ने जिंकलं. इकडे ६७व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली आणि ऐझॉलने ती शेवटपर्यंत धरून ठेवली. ईशान्येतला क्लब राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ.

माझं म्हणणं एवढंच आहे. या विजेतेपदाला सगळे परीकथा म्हणतात, चमत्कार म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मिझोरामने त्याआधी काही वर्षं मन लावून तयारी केली होती आणि खालिद यांनी सात वर्षं कमी पैशांत संघ तगवण्याचं काम केलं होतं. चमत्कार म्हटलं की हे सगळं कष्टाचं काम पुसलं जातं, आणि मग आपल्याकडे तसं का झालं नाही हा प्रश्नही कुणी विचारत नाही.

तुम्हाला काय वाटतं? कुणी त्या मॅचेस पाहिल्या असतील तर जरूर लिहा.

अर्धरेषा

वाचनखूण साठवली. सुंदर धागा. आय-लीगवर इथे काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

वास्कोकर

गोव्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार, पण तो भाग थोडा अजून लिहायला हवा होता. म्हणून मीच लिहितो.

आय-लीग २००७-०८ला सुरू झाली. पहिले सहा मोसम कोण जिंकलं? डेम्पो, चर्चिल, डेम्पो, साळगावकर, डेम्पो, चर्चिल. सलग सहा वर्षं ट्रॉफी गोव्यातून हलली नाही. आमच्यासाठी लीग म्हणजे फातोर्ड्याच्या स्टेडियमला संध्याकाळी जाणं. घरात एक भाऊ डेम्पोचा तर दुसरा साळगावकरचा.

२०१६-१७मध्ये गोव्याचा एकच संघ उरला, चर्चिल ब्रदर्स, आणि तेही उशिरा परत घेतलेले. ज्या राज्याने सहा वर्षं लीग गाजवली त्याच्या क्लबांनी स्वतःहून बाहेर पडायचं ठरवलं, ते किती जिवावर आलं असेल याचा विचार करा. चुकलं की बरोबर यावर आमच्यात अजून वाद होतात. मला विचाराल तर त्यांनी स्वाभिमान राखला. ज्या लीगमधून वर जायची वाटच ठेवलेली नाही तिच्यात पैसे कशाला ओतायचे?

तरी ऐझॉलचा आनंद मला झालाच. त्यांच्या गोलमध्ये आमचा आल्बिनो गोम्स होता ना! आयएसएलमधल्या मुंबई सिटीकडून लोनवर गेलेला. शेवटच्या दिवशी मी त्याच्यासाठी टीव्हीसमोर बसलो होतो.

गुणतक्ता

लेख आवडला, तरी थोडी दुसरी बाजू मांडतो.

तो मोसम जरा विचित्र होता हे मान्य करायला हवं. आधीच्या वर्षीचे चॅम्पियन बेंगळुरू नोव्हेंबर २०१६मध्ये दोह्याला एएफसी कपची (आशियाई क्लबांच्या स्पर्धेची) फायनल खेळून आले, तिथे इराकच्या एअर फोर्स क्लबकडून ०-१ हरले आणि लगेच दोन महिन्यांत लीग सुरू. मोहन बागान आणि बेंगळुरू दोघेही लीग चालू असतानाच पुन्हा एएफसी कप खेळत होते. १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी सॉल्ट लेक स्टेडियमचं काम चाललेलं, म्हणून कोलकात्याच्या संघांना बारासात, रवींद्र सरोवर असं फिरावं लागलं. बागान-ईस्ट बंगाल डर्बी तर सिलिगुडीला झाली. ऐझॉलला यातलं काहीच नव्हतं. आठवडाभर सराव, मग मॅच.

शिवाय उंचीवरचं शहर आणि कृत्रिम टर्फ. बाहेरून आलेल्या संघांना तिथे धाप लागायची. हे सगळं धरलं तर चमत्कार नाही हे तुमचं म्हणणं मलाही पटतं, पण माझी कारणं वेगळी आहेत.

कोपरेजचा_कोपरा

@गुणतक्ता, एएफसी कपच्या थकव्याचा मुद्दा अगदी मान्य. बागानच्या बाबतीत तो नक्कीच लागू होतो.

पण मग ईस्ट बंगालचं काय? त्यांच्यामागे आशियाई स्पर्धा नव्हती. पैसा होता, वेडसन, प्लाझा, रॉबिन सिंग होते. ते ३३ गुणांवर तिसरे आले आणि एप्रिलमध्ये त्यांचे कोच ट्रेव्हर मॉर्गन पद सोडून गेले. मोकळा वेळ त्यांनाही होता.

उंची आणि टर्फचं म्हणाल तर शिलाँग ऐझॉलपेक्षाही उंचावर आहे. तिथेही टर्फच. लाजाँग ऐझॉलच्या कितीतरी आधीपासून आय-लीगमध्ये होतं, पण त्यांना कधी जिंकता आली नाही. उंचीमुळे ट्रॉफी मिळत असती तर ती आधी शिलाँगला गेली असती. शिवाय ऐझॉलने पहिला गुण मिळवला बारासातला, ईस्ट बंगालशी १-१ करून, आणि शेवटचा मिळवला शिलाँगला. दोन्ही बाहेरच्या मैदानांवर.

गुणतक्ता

ईस्ट बंगालचा मुद्दा बिनतोड आहे. उंचीबद्दल माझे शब्द मागे घेतो.

जुनाखेळाडू

मी मुंबईच्या जिल्हा लीगमध्ये बरीच वर्षं खेळलो, कोपरेजवरही खेळलोय. खालिद खेळाडू होते तेव्हापासून त्यांना पाहतोय. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. मधल्या फळीत उभं राहून खेळ पुढे नेणारा माणूस.

कोच म्हणून त्यांच्या पद्धतीला लोक कंटाळवाणी म्हणायचे. मला ती कधीच कंटाळवाणी वाटली नाही. बचावाची ओळ आणि मधली फळी यांच्यात अंतर पडू द्यायचं नाही. बॉल गेला की सगळ्यांनी बॉलच्या मागे यायचं. लांब पास टाकला तर खाली पडणारा दुसरा बॉल आपल्यालाच मिळायला हवा. आणि कॉर्नर, फ्री किक यांचा सराव असा की रात्री झोपेत उठवलं तरी खेळाडूने आपल्या जागेवर जाऊन उभं राहावं.

फरक एवढाच झाला की मुंबईत हे सगळं करून पुढे शेवटचा पास देणारा माणूस नसायचा. ऐझॉलला तो मिळाला. सीरियाचा महमूद अल अमना. त्याच्या पायात बॉल आला की मैदान थांबल्यासारखं वाटायचं. मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान आणि नायजेरियाचा एझे किंग्सले, पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. चार परदेशी, चौघेही नेमके हवे तिथले. श्रीमंत क्लब नाव बघून परदेशी खेळाडू घेतात, यांनी गरज बघून घेतले. त्यांच्या भोवती पळायला मिझो पोरं : लालरुआत्थारा, ब्रँडन, पुइतेआ. त्या पोरांना नव्वदाव्या मिनिटालाही दम लागत नव्हता.

बागानविरुद्धचा गोल कॉर्नरवरून आला आणि तो बचावपटूने केला, यात माझ्यासारख्याला नवल वाटलं नाही. तो गोल सरावाच्या मैदानावर शंभर वेळा झालेला असणार.

अर्धरेषा

"मिझोरामने काही वर्षं तयारी केली" असं धाग्यात म्हटलंय, ते जरा उलगडून सांगाल का? दहा-अकरा लाख लोकवस्तीच्या राज्यात एवढे खेळाडू येतात कुठून?

कोपरेजचा_कोपरा

विचारलंत ते बरं झालं, मूळ लेखात हे राहूनच गेलं.

२०१२मध्ये मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. राज्याची स्वतःची लीग. स्थानिक केबल वाहिनीने प्रक्षेपणाचे हक्क घेतले, म्हणजे क्लबांना थोडे का होईना पैसे आले आणि घराघरात आपल्याच मोहल्ल्यातली पोरं टीव्हीवर दिसू लागली. ही दुसरी गोष्ट मला पैशांपेक्षा मोठी वाटते. चौदा वर्षांच्या मुलाला शेजारचा दादा टीव्हीवर खेळताना दिसला की त्याला युरोपातल्या पोस्टरची गरज राहत नाही.

२०१४मध्ये मिझोरामने सिलिगुडीत रेल्वेला ३-० हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची स्पर्धा, जिंकली. २०१५मध्ये ऐझॉल दुसरी डिव्हिजन जिंकून आय-लीगमध्ये आलं. २०१७मध्ये चॅम्पियन. लीग, राज्याचा संघ, मग क्लब, अशा पायऱ्या ओळीने दिसतात. खालिद गेले ते पिकलेल्या शेतात गेले, आणि कापणी कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं.

शिवाजीनगरची

मी पुण्याची. धागा वाचून गप्प बसवत नाही.

२०१४-१५मध्ये पुण्याचे दोन क्लब आय-लीगमध्ये होते, पुणे एफसी आणि भारत एफसी. दोघांचंही घर बालेवाडी. एका शहरात दोन संघ! पुणे एफसी तर २०१२-१३ला उपविजेते होते, त्यांची अकादमी देशात नावाजलेली. २०१५ संपेपर्यंत दोन्ही संघ लीगमधून गेले. भारत एफसी एकच मोसम जगलं. मग डीएसके शिवाजीयन्स आलं, तेही दोन मोसमांत, याच २०१६-१७नंतर, मिटलं. आणि मुंबई एफसी रेलिगेट झाल्यावर परत उभीच राहिली नाही. त्याआधी २०१०मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झालेली, २००५-०६ची राष्ट्रीय चॅम्पियन.

बाबा मला पुणे एफसीच्या मॅचला न्यायचे. स्टँड कधी भरलेला नसायचा, पण येणारे तेच तेच लोक यायचे. एकमेकांची नावं माहीत नसायची, चेहरे माहीत असायचे. संघ बंद झाल्यावर मी बाबांना विचारलं होतं की आता आपण कोणाचे? त्यांनी उत्तर दिलं नाही.

ऐझॉलच्या क्लबचं बजेट दोन कोटींच्या आसपास असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आपल्याकडचे क्लब याहून गरीब होते का? मला नाही वाटत. आपल्याकडे क्लब कंपनीचा होता. कंपनीचं मन बदललं की क्लब संपला. ऐझॉलमध्ये क्लब गावाचा होता. मालक तिथेही आहे, रॉबर्ट रॉयते, पण उद्या तो नसला तरी गाव क्लब सोडणार नाही. हा फरक मला फार टोचतो.

जुनाखेळाडू

शिवाजीनगरची ताई, +१००. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

एक भर घालतो. मुंबईत खेळाडू नव्हते असं कुणी म्हणू नये. जयेश राणे मुंबईच्याच मैदानांवर घडलेला. तो मिझोरामला जाऊन चॅम्पियन झाला आणि पुढे २०१९-२०ला एटीकेबरोबर आयएसएलही जिंकला. पोरं आहेतच. त्यांना दहा वर्षं एका जागी टिकणारा क्लब मिळत नाही.

वास्कोकर

"आता आपण कोणाचे?" हे वाचून गलबललो. आमच्याकडे डेम्पोवाल्यांना हाच प्रश्न पडला होता.

नवाप्रेक्षक

मी आयएसएल बघून फुटबॉलकडे वळलो, त्यामुळे एक प्रश्न. चॅम्पियन झाल्यावर ऐझॉलला आयएसएलमध्ये का घेतलं नाही? आता ते कुठे आहेत?

कोपरेजचा_कोपरा

कारण तसा नियमच नव्हता. आयएसएलमध्ये फ्रँचायझी बोली लावून यायची. २०१७मध्ये बेंगळुरू आणि जमशेदपूर तसेच आले. ऐझॉल चॅम्पियन झालं आणि त्याच उन्हाळ्यात चर्चा सुरू झाली की आय-लीगचा दर्जा खाली जाणार. म्हणजे आदल्या वर्षी हरून खाली गेलेला संघ यंदा जिंकूनही खाली जाणार होता. क्लबने जाहीर निषेध केला, उपोषणाचा इशारा दिला. शेवटी आशियाई महासंघाच्या मध्यस्थीने दोन्ही लीग एकाच वेळी चालवायचं ठरलं आणि २०१७-१८पासून तसं झालं.

लीग जिंकल्यामुळे ऐझॉलला एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत जागा मिळाली. जानेवारी २०१८मध्ये ते इराणला तिथल्या झोब आहन क्लबविरुद्ध खेळले आणि १-३ हरले. तोवर खालिद, अल अमना ईस्ट बंगालला गेले होते, बाकीचा संघही पांगला होता. चॅम्पियन संघ एकत्र ठेवायला पैसे लागतात, ते नव्हते. याचं मला अजून वाईट वाटतं, कारण तो संघ दुसऱ्या वर्षी कसा खेळला असता हे आपल्याला कधीच बघायला मिळणार नाही.

पुढची दोन वर्षं मिनर्व्हा पंजाब आणि चेन्नई सिटी जिंकले. तेही २०१६-१७लाच लीगमध्ये आलेले लहान क्लब. दार किलकिलं केलं की लहान क्लब आत येतात हे त्या तीन वर्षांत दिसलं. आय-लीग जिंकून वर जायची सोय व्हायला २०२२-२३ उजाडलं. तेव्हा पंजाब वर गेलं, पुढच्या वर्षी मोहमेडन. ऐझॉलला ते दार सहा वर्षं आधी हवं होतं.

पोलोग्राउंड

इथे सहसा फक्त वाचतो, आज लिहितो.

एप्रिल २०१७मध्ये मी कामानिमित्त शिलाँगला होतो. फुटबॉलचं फार कळत नाही. ज्या लॉजवर उतरलो होतो तिथे २९ तारखेपासून खोल्या मिळेनाशा झाल्या. ऐझॉलहून गाड्या भरभरून माणसं येत होती. डोंगरातला रस्ता, रात्रभराचा प्रवास. आजीबाई, लहान मुलं, लाल शर्ट घातलेली. सगळे इतके शांत, की मला आधी वाटलं चर्चच्या कार्यक्रमाला आलेत. लॉजच्या पोऱ्याने सांगितलं, मॅच आहे. म्हणून मीही पोलोच्या स्टेडियमला गेलो.

लाजाँगचा गोल झाला तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे मिटून घेतले. त्या प्रार्थना करत होत्या. जवळजवळ तासभर असंच. मग तो बरोबरीचा गोल झाला आणि पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. अनोळखी माणसांनी मला मिठ्या मारल्या. त्या बाई मात्र बसूनच होत्या, शेवटची शिट्टी होईपर्यंत उठल्या नाहीत. शिट्टी झाल्यावर त्यांनी मला मिझोमध्ये काहीतरी सांगितलं. मला एक शब्दही कळला नाही. मी मराठीत "अभिनंदन" म्हटलं, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

त्या कोणाच्या आई होत्या की नुसत्याच प्रेक्षक, हे मला आजही माहीत नाही.

शिवाजीनगरची

पोलोग्राउंड, तुम्ही अजून लिहा. स्टेडियममधलं, परतीच्या गाड्यांचं, जे आठवेल ते सगळं. हे बाबांना वाचून दाखवणार आहे.

कोपरेजचा_कोपरा

मीही वाट पाहतोय. @नवाप्रेक्षक, २२ एप्रिलची मॅच कुठे पूर्ण मिळाली तर पहिल्या मिनिटापासून बघ, नुसता गोल बघू नकोस. ८३व्या मिनिटापर्यंत बागानसारख्या संघाला त्यांनी कसं रोखलंय ते बघ. मी कोपरेजला तेच बघत होतो.